घटक ७ : वंश, भाषा आणि सत्ता – आलेक्सांद्रोस माव्रोकोर्दातोस यांचे चरित्र

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला चरित्रात येणाऱ्या वंशवर्णनाकडे चिकित्सक दृष्टीने पाहता येईल. चरित्रनायकाला पूर्वजांकडून नेमके काय मिळाले आणि पूर्वजांच्या नावावर वंशजांनी मागाहून काय जमा केले, यांतील फरक सांगता येईल. तसेच दुभाष्याचे काम एखाद्या व्यक्तीला राजकारणाच्या केंद्रस्थानी कसे नेते, हे एका ऐतिहासिक उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण चरित्र या वाङ्मयप्रकाराची सामान्य लक्षणे पाहिली. बहुतेक चरित्रांचा आरंभ वंशवर्णनाने होतो, हे आपल्या लक्षात आले असेल. वाचक हा भाग पुष्कळदा घाईने ओलांडतो. परंतु आपल्याकडील जुन्या कागदपत्रांतील करीने आणि कैफियती आठवून पाहा. तेथेही प्रारंभी मूळ पुरुष कोण, त्याचे पुत्र किती, वतन कोणाकडून कोणाकडे गेले, याची हकीकत असते. ही हकीकत हौसेने लिहिलेली नसते. ती हक्काच्या शाबितीसाठी असते. वंशावळ हा पुराव्याचा कागद आहे आणि पुरावा म्हटला की तो कोणी, कोणासाठी, केव्हा तयार केला हे विचारावेच लागते.

हा प्रश्न विचारण्यासाठी आपण मुद्दाम दूरच्या प्रदेशातील एक चरित्र घेतले आहे. आलेक्सांद्रोस माव्रोकोर्दातोस हा सतराव्या शतकातील ग्रीक वंशाचा मुत्सद्दी. ऑटोमन साम्राज्याच्या, म्हणजे तुर्की सुलतानाच्या सेवेत त्याने सुमारे साडेतीन दशके काढली. १६९९ च्या कार्लोविट्झच्या तहावर तुर्कांच्या वतीने सही करणाऱ्या दोघांपैकी तो एक होता. त्याच्यानंतर त्याचे घराणे राजघराणे ठरले. गंमत अशी की त्याच्या आधी ते तसे नव्हते. उमरावपण आधी आणि कर्तृत्व नंतर, हा आपल्या मनातील क्रम येथे उलटा झालेला दिसतो.

७.२ विषय विवेचन

७.२.१ ‘तर्जुमान’ हे पद

प्रथम एक शब्द समजून घेऊ. मराठीत आपण ‘तर्जुमा’ हा शब्द भाषांतर या अर्थाने वापरतो. मूळ अरबी धातूपासून निघालेल्या याच कुळातील ‘तर्जुमान’ म्हणजे भाषांतर करून सांगणारा. हाच शब्द युरोपीय भाषांच्या तोंडी बसून ‘ड्रॅगोमन’ झाला. सुलतानाच्या दरबारातील मुख्य दुभाष्याला ‘महातर्जुमान’ म्हणता येईल.

आपल्या इतिहासात दुभाषी अपरिचित नाही. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकसमयी इंग्रजांचा वकील हेन्‍री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा नारायण शेणवी हा दुभाषी त्याच्याबरोबर होता. त्याच्या आदल्याच वर्षी, १६७३ मध्ये, आलेक्सांद्रोस कॉन्स्टँटिनोपलमध्ये महातर्जुमान झाला होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण एकाच काळात दोन वेगवेगळ्या दरबारांत दोन भाषांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसावाचून राजकारण पुढे सरकत नव्हते, एवढे ध्यानात घ्यावे.

ऑटोमन दरबारात या पदाला विशेष वजन का आले, त्याचे कारण साधे आहे. सुलतानाच्या मुसलमान अधिकाऱ्यांना तुर्की, अरबी व फारसी उत्तम येत असे. लॅटिन, इटालियन यांसारख्या भाषा शिकण्याकडे त्यांचा कल नव्हता. युरोपच्या राजांचे वकील मात्र याच भाषांतून बोलत. साम्राज्य विस्तारत होते तोवर हे खपून गेले, कारण जेता अटी सांगतो आणि जित ऐकतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वाटाघाटींची वेळ वारंवार येऊ लागली, तेव्हा शब्दांची पारख असलेला माणूस आवश्यक झाला. १६६१ मध्ये पानायोतिस निकुसिओस हा ग्रीक वैद्य या पदावर आला. वजीर कोप्रुलू अहमद पाशाचा तो विश्वासू होता आणि क्रीट बेटाच्या शरणागतीच्या वाटाघाटींत त्याने काम केले होते. त्याच्या मृत्यूनंतर ते पद आलेक्सांद्रोसकडे आले.

या पदाबरोबर काही मान मिळत. मुसलमानेतर प्रजेला साधारणतः नाकारलेल्या गोष्टी, म्हणजे घोड्यावर बसणे, दाढी राखणे, बरोबर नोकर बाळगणे, या महातर्जुमानाला करता येत. आजच्या वाचकाला हे किरकोळ वाटेल. परंतु ज्या समाजात माणसाचा दर्जा त्याच्या पोशाखावरून आणि वाहनावरून ओळखला जाई, तेथे घोडा हा सनदेइतकाच बोलका होता.

७.२.२ पितृकुळ आणि मातृकुळ

आलेक्सांद्रोसचा जन्म १६४१ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे झाला. वडील निकोलाओस हे एजियन समुद्रातील खिओस बेटावरचे. हे बेट १५६६ पर्यंत जिनोआच्या इटालियन व्यापाऱ्यांच्या ताब्यात होते आणि त्यानंतर तुर्कांकडे गेले. त्यामुळे तेथील ग्रीक कुटुंबांना इटालियन भाषा, पश्चिमेकडील व्यापार आणि तुर्की अंमल या तिन्हींची सवय होती. निकोलाओस रेशमाचा व्यापारी होता. राजधानीत येऊन त्याने बस्तान बसविले. पितृकुळाविषयी खात्रीने सांगावे असे एवढेच. घराणे सत्तेवर आल्यानंतर मात्र या कुळाची मुळे दूरच्या प्राचीन थोर वंशांपर्यंत नेण्याचे प्रयत्न झाले. सत्तेवर आलेल्या नव्या घराण्याला जुने पूर्वज लागतात. हा अनुभव कोणत्याही एका देशाचा नाही.

आता मातृकुळ पाहू. चरित्रकार येथे अनेकदा एका वाक्यात आटोपते घेतात आणि माझ्या मते चूक तेथेच होते. आलेक्सांद्रोसची आई रोक्सांद्रा ही स्कार्लातोस बेग्लित्सिस या धनाढ्य ग्रीकाची मुलगी. स्कार्लातोस ऑटोमन फौजेला व दरबाराला मांस पुरविणारा मोठा मक्तेदार होता. वंशावळीच्या कागदावर शोभून दिसेल असा हा व्यवसाय नव्हे. पण घराण्याचा पैसा आला तो येथून. या पैशाच्या बळावर त्याने १६२५ मध्ये मुलीचे लग्न आलेक्सांद्रू कोकोनुल या वॉलेकियाच्या तरुण राजाशी लावून दिले. वॉलेकिया आणि मोल्डेव्हिया ही डॅन्यूब नदीपलीकडची दोन ख्रिस्ती संस्थाने सुलतानाची मांडलिक होती. आजच्या रूमानियाचा मोठा भाग त्यांनी व्यापला होता. तो संसार फार टिकला नाही. कोकोनुल १६३२ मध्ये मरण पावला आणि पुढे रोक्सांद्राने खिओसच्या त्या रेशीम व्यापाऱ्याशी दुसरे लग्न केले.

म्हणजे पाहा, राजगादीचा पहिला स्पर्श या घराण्याला आईच्या पहिल्या विवाहातून झाला आणि त्या विवाहाचा चरित्रनायकाच्या रक्ताशी काही संबंध नव्हता. पण संबंध होता तो इच्छेशी, पैशाशी आणि शिक्षणाशी. रोक्सांद्रा विदुषी म्हणून प्रसिद्ध होती. पतीच्या निधनानंतर मुलाला शिक्षणासाठी परदेशी पाठविण्याचा निर्णय तिचा होता. आलेक्सांद्रोसने आपल्या थोरल्या मुलाचे नाव स्कार्लातोस ठेवले. मांसाच्या मक्तेदाराचे नाव अशा रीतीने पुढे चालत राहिले. वंशावळीत जे उघड लिहिले जात नाही, ते मुलांच्या नावांत टिकून राहते, हे चरित्राच्या अभ्यासकाने विसरू नये.

आलेक्सांद्रोसची पत्नी सुलताना ही ख्रिसोस्कोलेओस घराण्यातील होती. ‘सुलताना’ हे येथे पद नसून तिचे नाव आहे. तिच्या आईच्या बाजूने मोल्डेव्हियाच्या जुन्या राजवंशाशी नाते सांगितले जाई आणि पुढच्या पिढीला हे नाते फार उपयोगी पडले. तेव्हा या ‘पितृवंशीय’ घराण्याचा पैसा, विद्या आणि गादीवरचा हक्क ही तिन्ही साधने स्त्रियांच्या बाजूने आली, असे म्हणण्यास हरकत नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
आपल्या वाचनातील एखादे मराठी चरित्र घ्या. त्यातील वंशवर्णनात मातृकुळाला किती ओळी मिळाल्या आहेत आणि नायकाच्या पुढील आयुष्यात मातृकुळाचा वाटा किती दिसतो, याची तुलना दहा ओळींत करा.

७.२.३ शिक्षण : वैद्यकाच्या वाटेने भाषा

ऑटोमन ग्रीकांना उच्च शिक्षणासाठी इटली गाठावी लागे. आलेक्सांद्रोस प्रथम रोम येथील संत अथानासिओस यांच्या नावाच्या ग्रीक विद्यालयात शिकला. सोळाव्या शतकात पोप तेरावा ग्रेगरी याने ते ग्रीक मुलांसाठी स्थापन केले होते. ग्रीकांचा पंथ पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स आणि विद्यालय रोमन कॅथलिकांचे. तेथे शिकणाऱ्या मुलाला आपल्या पंथाविषयी सावध राहावे लागे. पुढे तो पादुआला गेला. पादुआ व्हेनिसच्या राज्यात होते आणि तेथील विद्यापीठात इतर पंथांच्या विद्यार्थ्यांना तुलनेने मोकळीक होती. पदवी मात्र त्याने बोलोन्याहून, १६६४ मध्ये घेतली.

त्याच्या प्रबंधाचा विषय होता फुप्फुसांचे कार्य आणि रक्ताभिसरण. विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये मांडलेला रक्ताभिसरणाचा सिद्धांत त्या काळी अजून सर्वमान्य झालेला नव्हता. आलेक्सांद्रोसने हार्वेची बाजू घेतली आणि हा लॅटिन प्रबंध छापला गेला. पुढे त्याने वैद्यकात फारसे संशोधन केले नाही, परंतु नव्या विचाराची बाजू पुराव्यानिशी मांडण्याचा सराव त्याला येथे झाला, हे उघड आहे.

परत आल्यावर त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक धर्मपीठाच्या विद्यालयात अध्यापन केले आणि वैद्यकीही सुरू ठेवली. वैद्य हा असा माणूस असतो की ज्याला वजिराच्या अंतःपुरापर्यंत वाट मिळते. निकुसिओसही वैद्यच होता. ग्रीक, लॅटिन, इटालियन, तुर्की, अरबी आणि फारसी एवढ्या भाषा जाणणारा वैद्य दरबाराच्या नजरेत भरला, यात नवल नाही.

७.२.४ व्हिएन्नाचा पराभव

१६८३ मध्ये वजीर कारा मुस्तफा पाशाने व्हिएन्नाला वेढा घातला. महातर्जुमान या नात्याने आलेक्सांद्रोस त्याच्या छावणीत होता. सप्टेंबरमध्ये पोलंडचा राजा यान सोब्येस्की मदतीला आला आणि तुर्की फौजेची दाणादाण उडाली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला बेलग्रेड येथे सुलतानाच्या आज्ञेने कारा मुस्तफाला ठार मारण्यात आले. वजीर गेला की त्याच्या सावलीतील माणसेही धोक्यात येतात. आलेक्सांद्रोसला कैद झाली, त्याची मालमत्ता जप्त झाली. एवढ्यावर थांबले नाही. त्याच्या वृद्ध आईलाही तुरुंगात टाकण्यात आले. मोठा दंड भरून त्याची सुटका झाली. रोक्सांद्रा १६८४ मध्ये वारली.

हा प्रसंग बारकाईने वाचावा असा आहे. दुभाष्याने ना मोहीम आखली होती, ना फौज चालविली होती. तरीही शिक्षेत तो वाटेकरी झाला, कारण दोन भाषा जाणणारा माणूस दोन्हीकडच्या गुपितांचा जाणता असतो आणि म्हणून दोन्हीकडून संशयाला पात्र ठरतो. शत्रूची भाषा येणे हीच त्याची पात्रता आणि हाच त्याच्यावरचा आरोप. येथे चरित्रकार नायकाला हुतात्मा करून मोकळा होऊ शकतो. पण वस्तुस्थिती त्याहून गुंतागुंतीची आहे, कारण थोड्याच काळात आलेक्सांद्रोस त्याच सुलतानाच्या सेवेत, त्याच पदावर परतला. ज्या दरबाराने आपल्या आईला कैदेत टाकले त्याच दरबारासाठी त्याने आयुष्यातील सर्वांत मोठे काम केले. याला निष्ठा म्हणावे, महत्त्वाकांक्षा म्हणावे की निरुपाय? तिन्ही उत्तरे काही अंशी खरी असू शकतात आणि चांगल्या चरित्राने त्यांपैकी एकच निवडण्याची घाई करू नये.

१६८८ मध्ये झुल्फिकार एफेंदीबरोबर त्याला व्हिएन्नाला वकील म्हणून पाठविण्यात आले. वाटाघाटी फळाला आल्या नाहीत. ऑस्ट्रियनांनी या वकिलांना परतही जाऊ दिले नाही. जवळजवळ नजरकैदेत काही वर्षे काढून तो १६९२ मध्ये परतला. एकदा स्वपक्षाने आणि एकदा प्रतिपक्षाने, असा दोनदा तो कैदेत पडला.

७.२.५ कार्लोविट्झ

सप्टेंबर १६९७ मध्ये सेंटा येथे सॅव्हॉयच्या राजपुत्र यूजेनने तुर्की फौजेचा पुन्हा धुव्वा उडविला. आता तहावाचून गत्यंतर नव्हते. इंग्लंडचा लॉर्ड विल्यम पॅजेट आणि हॉलंडचा याकोबुस कोलियर यांनी मध्यस्थी केली. डॅन्यूबकाठच्या कार्लोविट्झ या गावी (आजच्या सर्बियातील स्रेम्स्की कार्लोव्हत्सी) नोव्हेंबर १६९८ मध्ये बैठका सुरू झाल्या. तुर्कांकडून दोन पूर्णाधिकारी वकील होते : परराष्ट्रव्यवहार पाहणारा रामी मेहमेद एफेंदी आणि आलेक्सांद्रोस. दुभाषी आता स्वतः तहाचा पक्षकार झाला होता.

मुत्सद्देगिरीची चुणूक दाखविणारी एक आख्यायिका त्याच्याविषयी सांगितली जाते. तहाची याचना प्रथम कोणी करायची, यावर दोन्ही बाजू अडून बसल्या होत्या. तेव्हा समोरच्यानेच आधी हात पुढे केला आहे, अशी समजूत त्याने दोघांचीही करून दिली. सभागृहात प्रथम कोणी शिरायचे हा वादही असाच. त्यासाठी दालनाला निरनिराळे दरवाजे ठेवून सर्वांनी एकाच वेळी प्रवेश केला, असे सांगतात. आख्यायिकेला पुरावा मानू नये. परंतु लोक एखाद्याविषयी कोणत्या प्रकारच्या गोष्टी रचतात, यावरून त्याच्याविषयीचा समज कळतो.

तह ‘ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याचे’ या तत्त्वावर झाला. हंगेरीचा बहुतेक भाग आणि ट्रान्सिल्व्हेनिया ऑस्ट्रियाकडे, पोडोलिया पोलंडकडे, मोरिआ म्हणजे दक्षिण ग्रीसचा प्रदेश व्हेनिसकडे गेला. तेमेश्वारचा मुलूख मात्र तुर्कांकडे राहिला. पराभूत पक्षाच्या वकिलाचे यश त्याने काय मिळविले यावर मोजायचे नसते. काय जाऊ दिले नाही, यावर मोजायचे असते. २६ जानेवारी १६९९ रोजी तहावर सह्या झाल्या. सहीसाठी तुर्की पक्षाने ज्योतिषांनी काढून दिलेली वेळ साधली होती. मुहूर्त पाहण्याची आवड आपल्याकडेच होती असे नाही!

या तहानंतर आलेक्सांद्रोस ‘एक्स अपोरितोन’ या बिरुदाने ओळखला जाऊ लागला. या ग्रीक शब्दांचा आशय ‘गुह्ये जाणणारा’ असा आहे. तुर्की दरबारी भाषेतही याच अर्थाची पदवी होती. १६८३ मध्ये ज्या जाणतेपणामुळे तो गोत्यात आला, तेच सोळा वर्षांनी त्याचे बिरुद झाले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
‘दोन भाषा जाणणारा माणूस दोन्हीकडून संशयाला पात्र ठरतो’ या विधानाची चर्चा प्रस्तुत चरित्रातील दोन प्रसंगांच्या आधारे करा.

७.२.६ वंशज

आलेक्सांद्रोस १७०९ च्या अखेरीस मरण पावला. त्याच वर्षी त्याचा मुलगा निकोलाओस मोल्डेव्हियाच्या गादीवर नेमला गेला होता. १७१६ मध्ये तो वॉलेकियाच्या गादीवर बसला. येथून पुढे सुमारे शंभर वर्षे सुलतान या दोन्ही संस्थानांवर फनार मोहल्ल्यातील ग्रीक घराण्यांतूनच राजे नेमीत राहिला. गोल्डन हॉर्न खाडीच्या काठचा हा मोहल्ला म्हणजे ग्रीक धर्मपीठाचे ठिकाण. तेथील श्रीमंत ग्रीकांना ‘फनारी’ म्हणत. दुभाषीपद ही गादीची पहिली पायरी ठरली. मोल्डेव्हियाच्या जुन्या वंशाशी असलेल्या आईकडील नात्याचा उल्लेख आता अगत्याने होऊ लागला. वंशावळ केव्हा लिहिली जाते, या आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

या गाद्या विकत मिळत आणि महिन्या-दोन महिन्यांत हिरावूनही घेतल्या जात. नजराण्याचा पैसा रयतेकडून वसूल होई. म्हणून रूमानियाच्या इतिहासात फनारी राजवटीविषयी कडू आठवणी आहेत आणि त्या अकारण नाहीत. परंतु निकोलाओस स्वतः ग्रंथकार व ग्रंथसंग्राहक होता आणि त्याचा मुलगा कॉन्स्टँटिनोस याने १७४६ मध्ये वॉलेकियात व १७४९ मध्ये मोल्डेव्हियात कुळांची वेठबिगारीची बांधिलकी रद्द केली. हाच कॉन्स्टँटिनोस दोन्ही राज्यांच्या गाद्यांवर मिळून दहा वेळा बसला आणि तितक्याच वेळा उतरला.

याच घराण्यातील दुसरा आलेक्सांद्रोस माव्रोकोर्दातोस (१७९१–१८६५) हा तर तुर्कांविरुद्धच्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा एक नेता. त्या उठावापूर्वी तो इटलीतील पिसा येथे राहत असे. तेथे त्याने मेरी शेली यांना ग्रीक शिकविले. पर्सी शेली यांनी आपले ‘हेलास’ हे नाट्यकाव्य त्यालाच अर्पण केले आहे. १८२२ मध्ये एपिदाव्रोस येथील पहिल्या राष्ट्रीय सभेने त्याला अध्यक्ष केले. पुढे तो स्वतंत्र ग्रीसचा अनेकदा पंतप्रधान झाला आणि लंडन, पॅरिस व कॉन्स्टँटिनोपल येथे ग्रीसचा वकील म्हणूनही त्याने काम केले. पूर्वजाने ज्या दरबाराच्या वतीने तह केला, त्याच दरबारासमोर वंशज आपल्या राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला.

या दोघांना एका मापाने मोजण्याचा मोह टाळावा. एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रनिष्ठेची कसोटी सतराव्या शतकातील माणसाला लावली, तर पहिला आलेक्सांद्रोस परक्यांचा चाकर ठरेल. त्याच्या काळात मात्र ग्रीक प्रजेचे हित सुलतानाच्या दरबारात आपला माणूस असण्यात आहे, असे मानणारे पुष्कळ होते. ग्रीकांचे धर्मपीठ त्याच राजधानीत होते, त्यांच्या शाळा तेथेच चालत आणि त्यांच्या तक्रारी वजिराच्या कानावर घालू शकेल असा ग्रीक माणूस, बहुतेक वेळा, एकच असे.

७.३ सरावासाठी प्रश्न

माव्रोकोर्दातोस घराण्याची पाच पिढ्यांची वंशावळ वरील माहितीच्या आधारे तयार करा. तीत स्त्रियांची नावे वगळू नका. ज्या जागा माहितीअभावी रिकाम्या राहतील त्या रिकाम्याच ठेवा. त्यानंतर रोक्सांद्रा हिला केंद्रस्थानी ठेवून याच घराण्याचे चरित्र लिहायचे झाल्यास आरंभ कोणत्या वर्षापासून व कोणत्या प्रसंगाने कराल, ते सकारण सुमारे २०० शब्दांत लिहा.